सामाईक यंत्राचा वृत्तान्त

स्मरणिकांतून संस्थांचे इतिहास लिहिले जातात तेव्हा त्यांची वाट बहुधा ठरलेली असते. प्रथम संस्थापकांची नामावळी, मग जागेचा व दानपत्राचा वृत्तान्त, कोनशिलेचा समारंभ, पहिल्या तुकडीतील विद्यार्थ्यांची संख्या, आणि अखेरीस देणगीदारांची यादी. देगलूरच्या आमच्या महाविद्यालयाच्या विज्ञानशाखेचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे सोपविताना संपादक-मंडळाची अपेक्षा याहून निराळी नसावी. कारण जडवस्तुसंग्रहाच्या नोंदवह्या, खरेदीची बिले, अनुदानाची मंजुरीपत्रे असे सारे दप्तर त्यांनी मोठ्या तत्परतेने माझ्या हवाली केले. ते दप्तर चाळीत असता माझ्या ध्यानात असे आले की, प्रथिने आणि न्यूक्लिक आम्ले यांच्या परस्परसंबंधांविषयी आपण वर्गात जे शिकवितो, ते ज्या उपकरणांच्या साहाय्याने सिद्ध झाले त्यांपैकी बहुतेकांची नोंद या वह्यांत नाही, आणि असण्याचा संभवही नव्हता. ती उपकरणे एका महाविद्यालयाच्या काय, एका विद्यापीठाच्याही आवाक्यातली नव्हती. ती देशाने सर्वांसाठी म्हणून घेतली, कोठेतरी एका जागी मांडली, आणि दूरच्या माणसाने अर्ज करून, पाळी लावून, आपला नमुना घेऊन तेथे जावे अशी व्यवस्था केली. म्हणून येथे मी त्यांपैकी एका संस्थेचा इतिहास सांगणार आहे. ती देगलुरात नाही, मुंबईच्या कुलाब्यात आहे. आणि तिचे नाव उच्च-क्षेत्र अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाची राष्ट्रीय सुविधा असे भारदस्त असले, तरी संशोधकांच्या बोलण्यात ती टीआयएफआरची, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, एनएमआर सुविधा एवढ्याच नावाने नांदते.

देगलूर आणि कुलाबा यांच्यामधले अंतर केवळ मैलांत मोजून भागणार नाही. नांदेडपासून सुमारे ८० किलोमीटरवर असलेला हा आमचा सीमावर्ती तालुका. मद्नूरच्या वाटेने थोडे पुढे गेले की तेलंगणाची हद्द लागते, आणि हैदराबाद दोनशे किलोमीटरांच्या आसपास येते, तर मुंबई त्याच्या तिपटीहूनही लांब पडते. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत येथे निजामाचा अंमल होता, आणि उच्च शिक्षण घ्यावयाचे तर १९१८ साली स्थापन झालेल्या व उर्दू माध्यमातून शिकविणाऱ्या उस्मानिया विद्यापीठाची वाट धरावी लागे. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला, २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले, डोंगरकेरींसारखा मुंबई विद्यापीठाच्या कारभारात मुरलेला गृहस्थ त्याचा पहिला कुलगुरू झाला, आणि या मुलखाचे तोंड सरकारी रीतीने पश्चिमेकडे वळले. सवयीने मात्र ते बराच काळ हैदराबादेकडेच होते. अडत व्यापाऱ्यांचे नाव धारण करणाऱ्या शिक्षणसंस्थेने देगलुरात महाविद्यालय चालविले, ही गोष्ट बाहेरगावच्या माणसाला चमत्कारिक वाटते. आम्हांला वाटत नाही. विज्ञानशाखेच्या ग्रामीण अध्यापकापुढे प्रश्न होता तो निराळाच: परीक्षानळी, तराजू आणि एखादा वर्णमापक एवढ्या सामग्रीवर त्याने रेणूंच्या जगाविषयी काय शोधावे, आणि शोधले तर ते कोणाकडून तपासून घ्यावे?

प्रश्नाचे स्वरूप थोडे उलगडून सांगणे अवश्य आहे, नाहीतर पुढील यंत्रपुराण अकारण वाटेल. आपल्या आतड्यांत राहणाऱ्या एश्चेरिकिया कोलाय या जीवाणूजवळ दुधातील शर्करा पचविण्याची सामग्री असते, परंतु ती शर्करा समोर नसेल तेव्हा ती सामग्री तो निर्माण करीत नाही. जाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६१ साली असे प्रतिपादन केले की, संबंधित जनुकांच्या आरंभी कोणीतरी निरोधक येऊन बसतो आणि वाट अडवितो. १९६६ साली गिल्बर्ट आणि म्यूलर-हिल यांनी तो निरोधक वेगळा काढला व तो एक प्रथिन असल्याचे दाखविले. आता यातील नवल पाहण्यासारखे आहे. त्या जीवाणूच्या डीएनएत सुमारे ४६ लाख आधारजोड्या असतात. निरोधकाला बसावयाची जागा पुरत्या दोन-अडीच डझन जोड्यांचीही नसते. आणि एका पेशीत या निरोधकाचे रेणू असतात जेमतेम दहाएक. एवढ्या तुटपुंज्या मनुष्यबळाने एवढ्या विस्तीर्ण मुलखात आपली नेमकी चौकी ते कशी शोधून काढतात? उत्तराचा एक भाग असा की, प्रथिनावरील धन विद्युत्भाराची अमिनो आम्ले डीएनएच्या ऋणभारित कण्याला सैलसर धरून ठेवतात आणि प्रथिन त्या धाग्याच्या कडेकडेने सरकत राहते. इष्ट जागा आली की त्याची एक सर्पिल शाखा डीएनएच्या रुंद खाचेत घट्ट बसते, आणि हायड्रोजन-बंधांची नेमकी जुळणी होते. ही सैल पकड आणि ही घट्ट पकड यांतील फरक रेणूच्या पातळीवर उघड करून दाखविणारे जे काम युट्रेक्टच्या काप्टाइन यांच्या प्रयोगशाळेतून २००४ साली प्रसिद्ध झाले, ते एनएमआरच्या साहाय्याने झालेले होते.

सर्वच शोधांना महायंत्र लागते असे मात्र कोणी समजू नये. १९८१ साली अमेरिकेतील दोन वेगवेगळ्या गटांनी एक अत्यंत सुटसुटीत रीत सांगितली: डीएनएचा लहान तुकडा विजेच्या ओढीने पॉलिअॅक्रिलामाइडच्या जेलमधून धावू द्यावा, आणि त्यात प्रथिन मिसळले असता त्याची गती मंदावते का ते पाहावे, मंदावली तर दोघांची गाठ पडली. एवढे काम तालुक्याच्या गावीही होऊ शकते, वीज सलग चार तास टिकली म्हणजे झाले. आणि माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्याने हा जेल आपल्या हाताने ओतलेला नाही त्याला मोठ्या यंत्राच्या दारात उभे करू नये. परंतु जेल एवढेच सांगतो की गाठ पडली. कोणत्या अणूची कोणाशी, किती अंतरावर, आणि भेटीनंतर कोण किती वाकले, हे सांगण्यासाठी स्फटिकाचे क्ष-किरणचित्रण किंवा द्रावणातील एनएमआर यांवाचून बराच काळ दुसरी गती नव्हती. त्यांतही स्फटिक बनावा लागतो, आणि तो बनेलच याची हमी ब्रह्मदेवही देत नाही.

एनएमआरचा भारतातील इतिहास एका नावापासून सुरू होतो आणि ते नाव आपल्याकडील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक नसते, याची मला नेहमी रुखरुख वाटते. १९५१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातून आर्नल्ड, धर्मत्ती आणि पॅकर्ड या तिघांचा एक छोटासा लेख प्रसिद्ध झाला. त्यांनी साध्या मद्यार्काचा, म्हणजे एथनॉलचा, नमुना चुंबकात ठेवला, आणि त्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांनी एका सुरात उत्तर देण्याऐवजी तीन निरनिराळ्या ठिकाणी उत्तर दिले. तीन संकेतांची प्रमाणे तीन, दोन आणि एक अशी होती. रसायनशास्त्राचा कोणताही विद्यार्थी सांगेल की एथनॉलच्या रेणूत हायड्रोजनचे अणू याच तीन गटांत वाटलेले असतात. भौतिकशास्त्रज्ञांनी अणुकेंद्राची चुंबकीय शक्ती मोजण्यासाठी हाती घेतलेले साधन रेणूची रचना वाचणारे साधन ठरले ते या लेखापासून, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्या त्रयीतील प्रोफेसर धर्मत्ती फेलिक्स ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेतला अनुभव गाठीशी बांधून परतले, आणि होमी भाभांनी १९४५ साली स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी एनएमआरचा गट उभा केला. संस्था १९५० च्या आसपास गेटवे ऑफ इंडियाजवळच्या यॉट क्लबाच्या जुन्या वास्तूत नांदत होती. कुलाब्याच्या समुद्रकाठची तिची आजची इमारत १९६२ च्या जानेवारीत समारंभपूर्वक खुली झाली. नाविक मंडळींच्या करमणुकीसाठी बांधलेल्या वास्तूत अणुविज्ञान वाढावे, हा त्या काळाच्या मुंबईचाच एक गुण.

धर्मत्तींच्या या परंपरेत गिरिजेश गोविल आले, आणि त्यांच्या रासायनिक भौतिकी गटाने आपली दृष्टी लहान रेणूंवरून जीवनाच्या रेणूंकडे वळविली. तेथे अडचण अशी उभी राहिली की, एथनॉलमध्ये तीन संकेत असतात, तर एखाद्या मध्यम आकाराच्या प्रथिनात शेकडो. ते सारे एकावर एक येऊन त्यांची दाटी होते, आणि ती फोडावयाची तर चुंबक अधिक बलवान हवा. लोखंडी गाभ्याच्या चुंबकाची मर्यादा लवकरच येते. पुढे जावयाचे तर विद्युत्रोध सर्वस्वी नाहीसा झालेल्या तारेचे वेटोळे हवे, आणि ती तार तशी राहावी म्हणून ते वेटोळे अहोरात्र द्रव हीलियममध्ये, म्हणजे शून्याखाली २६९ अंशांवर, बुडालेले हवे. ५०० मेगाहर्ट्झच्या यंत्रातील चुंबकाचे बल ११.७ टेस्ला असते. देगलूरच्या भूमीवर होकायंत्राची सुई वळविणाऱ्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या ते अडीच लाख पटींहून अधिक भरेल.

अशी यंत्रे परदेशी बनावटीची, आणि तो काळ परकीय चलनाच्या टंचाईचा. तेव्हा साधे उपकरण आणावयाचे तरी ते देशात बनत नाही असा दाखला, चलनाची मंजुरी, सीमाशुल्काच्या माफीचे प्रमाणपत्र, अशा दरखास्तींचे भेंडोळे दिल्लीच्या कचेऱ्यांतून फिरे. प्रत्येक विद्यापीठाने आपापले यंत्र मागितले असते तर ते कोणालाच मिळाले नसते, हे उघड होते. १९७१ साली केंद्र शासनाचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग स्थापन झाला आणि त्याने त्या दशकात निरनिराळ्या प्रदेशांत प्रगत उपकरणांची प्रादेशिक केंद्रे काढण्याचे धोरण अंगीकारले. मद्रास, लखनौ, मुंबईतील पवईची आयआयटी येथे ती उभी राहिली, आणि पुढे नागपूर विद्यापीठातही एक आले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्याच दशकाच्या उत्तरार्धात अतिसंवाहक चुंबकाचे २७० मेगाहर्ट्झचे यंत्र बसले. या पायऱ्या चढल्यानंतर १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात कुलाब्यात ५०० मेगाहर्ट्झचे यंत्र आले आणि ते टीआयएफआरचे न म्हणविता राष्ट्रीय सुविधा म्हणविले गेले. जगाच्या बाजारात त्या शक्तीची यंत्रे येऊन तेव्हा फार वर्षे लोटली नव्हती, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे निर्णयाचे धाडस कळते.

मला या संस्थेच्या इतिहासात खरे स्वारस्य वाटते ते यंत्र आल्याच्या दिवसापेक्षा त्यानंतरच्या वर्षांत. मराठवाड्यातील वाचकाला हे समजण्यास सामाईक विहिरीखेरीज अन्य दृष्टान्त नको. सातबाऱ्यावर हिस्से लिहिलेले असतात, पाण्याची पाळी ठरलेली असते, आणि तंटा पाण्यावरून जितका होतो त्याहून अधिक मोटार जळाल्यावर तिचा खर्च कोणी सोसावा यावरून होतो. अतिसंवाहक चुंबक एकदा चेतविला की तो बंद करून कुलूप लावून दिवाळीच्या सुटीवर जाता येत नाही. बाहेरच्या कोठीत द्रव नायट्रोजन आणि आतल्या कोठीत द्रव हीलियम यांची भर ठराविक मुदतीने घालावीच लागते. ती चुकली आणि तार तापली, तर साठविलेली सारी शक्ती क्षणात उष्णता होऊन हीलियम वायुरूपाने फूत्कारत निघून जाते, ज्याला या धंद्यातले लोक क्वेंच म्हणतात आणि ज्याचा उच्चार ते हलक्या आवाजात करतात. हीलियम भारताला बाहेरून आणावा लागतो. टीआयएफआरमध्ये अतिशीत तापमानाचा स्वतंत्र विभाग व हीलियम द्रवरूप करण्याची सोय होती, आणि राष्ट्रीय यंत्र तेथे बसविण्यामागे विद्वत्तेइतकेच हेही एक व्यवहारी कारण असले पाहिजे, असा माझा तर्क आहे. ज्या घरी रोज दूध तापते तेथेच बाळ ठेवावे, असे आमच्याकडील वडीलधारी माणसे म्हणतील.

या सुविधेवर काम करून लिहिलेल्या निबंधांच्या अखेरीस ऋणनिर्देशाचे एक ठराविक वाक्य येते, आणि त्यात चार नावे असतात: विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, जैवतंत्रज्ञान विभाग, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था. वाचक ते वाक्य ओलांडून पुढे जातो. मी मात्र ते एखाद्या सनदेसारखे वाचतो. यांतील जैवतंत्रज्ञान विभाग १९८६ साली, म्हणजे पहिले यंत्र आल्यानंतर, अस्तित्वात आला. त्याअर्थी खर्चाचे हिस्सेदार मागाहून वाढत गेले आणि कारभार एका जागीच राहिला. चार धन्यांची चाकरी करणारे यंत्र दीर्घकाळ चालले, पुढे त्याच्या जोडीला ६०० आणि नंतर ८०० मेगाहर्ट्झची यंत्रे आली, हे आपल्या सार्वजनिक कारभाराचा एकूण अनुभव पाहता साधे नाही. याच्या उलट उदाहरणे मला माहीत आहेत. एका संस्थेत, तिचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, अनुदानाचे वर्ष संपत आले म्हणून मार्चअखेर घाईघाईने मागविलेले एक सुरेख यंत्र त्याच्या लाकडी खोक्यात पुढचे दोन पावसाळे पडून होते. खोलीला वातानुकूलन नव्हते, ते मंजूर झाले तेव्हा हमीची मुदत संपली होती, आणि दुरुस्तीचा मक्ता कोणत्या खात्यावर घालावा याविषयीचा पत्रव्यवहार हाच त्या यंत्राचा एकमेव प्रसिद्ध झालेला उपयोग होय.

बाहेरगावचा संशोधक या सुविधेच्या दारात येतो तो कसा? १९८० च्या दशकात नांदेडहून निघणाऱ्याला मीटरमापी गाडीने मनमाड गाठून तेथे गाडी बदलावी लागे. सिकंदराबाद ते मनमाड हा लोहमार्ग रुंदमापी होण्यास नव्वदीचे दशक उजाडले. प्रथिनाचे द्रावण बर्फाच्या बाटलीत घालून एवढा प्रवास करणे म्हणजे त्याची पेज करणे. डीएनएचा लहान तुकडा मात्र गोठवून निर्वातात सुकविला की पांढऱ्या भुकटीच्या रूपाने खिशातूनही जातो, आणि माझ्या समजुतीने न्यूक्लिक आम्लांच्या अभ्यासाला दूरच्या माणसांचा हात आधी लागला याचे हेही एक कारण आहे. नमुना किती लागतो? अर्धा मिलिलिटर द्रावण, पाच मिलिमीटर व्यासाच्या नाजूक नळीत. परंतु त्या अर्ध्या मिलिलिटरात दहा हजार रेणुभाराचे प्रथिन पाचएक मिलिग्रॅम असावे लागते, आणि पाच मिलिग्रॅम शुद्ध प्रथिन मिळविण्यात एखाद्या विद्यार्थ्याचे वर्ष जाते. शिवाय सामान्य पाण्यात हायड्रोजनच हायड्रोजन. आपल्या रेणूच्या हायड्रोजनपेक्षा पाण्याचा हायड्रोजन एक लाख पटींहून अधिक, त्यामुळे पाण्याचाच आवाज सारे गिळून टाकतो. म्हणून नमुना जड पाण्यात विरघळवितात. अणुभट्ट्यांसाठी देशात बनणारे जड पाणी येथे थेंबाथेंबाने उपयोगी पडते.

आणि येथेच डीएनएच्या अभ्यासकाची खरी परीक्षा असते. आधारजोडीतील दोन आधारांना बांधणारा हायड्रोजन हाच तर पाहावयाचा असतो, आणि जड पाण्यात तो सोडून जातो, त्याच्या जागी ड्यूटेरियम येतो व संकेत मावळतो. तेव्हा त्याला पाहण्यासाठी साधे पाणी नव्वद भाग आणि जड पाणी दहा भाग असे मिश्रण घेऊन, पाण्याचा संकेत युक्तीने दाबून, वर्णपटाच्या अगदी दूरच्या टोकास, बारा ते पंधरा या अंकांदरम्यान, त्या बांधलेल्या हायड्रोजनांची रांग शोधावी लागते. दुहेरी सर्पिल जुळले असेल तर ती रांग दिसते. मग त्यात थोडे प्रथिन घालावे. काही रेषा जागच्या हलतात, काही रुंदावतात, काही जागच्या जागी राहतात. ज्या हलल्या तेथे भेट झाली. असा एक प्रयोग रात्रभर चालतो, कित्येक प्रयोग दोन-दोन दिवस. म्हणून यंत्राचा दिवस चोवीस तासांचा मोजतात आणि पाळी मध्यरात्री आली म्हणून कोणी तक्रार करीत नाही.

या कामाला सुविधेतील मंडळींनी स्वतःची भर घातली. रामकृष्ण होसूर यांनी द्विमितीय एनएमआर डीएनएच्या रचनेला लावून पाहिले, आणि पुढे २००१ च्या सुमारास प्रथिनाच्या साखळीतील कडी ओळखण्याच्या काही नव्या स्पंदमालिका सुचविल्या, ज्या अन्यत्रही वापरल्या गेल्या. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोविल आणि होसूर यांचा जैविक रेणूंच्या आकृतिबंधावरील ग्रंथ १९८२ साली, गोविल आणि चारी यांचा एनएमआरवरील ग्रंथ २००८ साली निघाला. जगात या तंत्राचा मान याच काळात वाढत गेला: रिचर्ड अर्न्स्ट यांना १९९१ साली आणि प्रथिनांच्या रचनेसाठी कुर्ट व्यूथरिश यांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ग्रंथांची व पारितोषिकांची नोंद होते. नमुन्याच्या नळीला बाहेरून लागलेला बोटांचा डाग पुसून, ती फिरती ठेवून, चुंबकाचे क्षेत्र समान होईपर्यंत तासभर खुंट्या पिरगाळीत बसलेल्या यंत्रचालकाची नोंद होत नाही. बाहेरगावच्या विद्यार्थ्याला त्याच्या वर्णपटातील अर्धा चांगुलपणा कोणी दिला हे पक्के ठाऊक असते, परंतु निबंधाच्या लेखकांत ते नाव घालण्याची वहिवाट नाही. ही वहिवाट बदलावी असे मला वाटते, आणि सामाईक यंत्रांच्या नियमावलीत तसे कलम घालण्यास काहीच हरकत नसावी.

हैदराबादचा उल्लेख केल्याविना देगलूरच्या माणसाने हा विषय सोडू नये. पुष्पमित्र भार्गव यांच्या पुढाकाराने १ एप्रिल १९७७ रोजी तेथे पेशी व रेणवीय जीवविज्ञान केंद्राचा आरंभ झाला, आणि १९८७ च्या नोव्हेंबरात हबसीगुड्याच्या नव्या वास्तूत ते राष्ट्राला अर्पण झाले. जुन्या निजामी राजधानीच्या दिशेने जाणारी वाट आमच्या भागातील जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला पुन्हा आपलीशी वाटली ती या केंद्रामुळे. स्फटिक बनविण्यात ज्यांना यश येते त्यांच्यासाठी इंदूरला इंडस-दोन हे सिंक्रोट्रॉन-किरणांचे वर्तुळ आहे. त्याचा परीघ १७२ मीटरांहून थोडा अधिक, आणि त्यावरील प्रथिन-स्फटिकांसाठीची एकविसावी किरणवाट भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारून सर्वांना खुली केली. १९९० साली स्वीडनच्या उप्साला येथून बाजारात आलेले पृष्ठीय प्लाझ्मॉनचे यंत्र सोन्याच्या पातळ थरावर डीएनए बसवून वरून प्रथिन वाहू देते आणि ते किती वेगाने चिकटते व किती वेगाने सुटते ते क्षणोक्षणी टिपते. आज प्रथिन आणि न्यूक्लिक आम्ल यांच्या पकडीचे मोजमाप करणाऱ्या कोणत्याही सामाईक यंत्रशाळेत त्याची मागणी पहिली असते. कोणते यंत्र देशात कोठे आहे आणि त्याची पाळी कशी लावावी हे सांगणारी आय-स्टेम ही शासकीय व्यवस्था २०२० च्या जानेवारीत सुरू झाली, आणि सार्वजनिक पैशातून घेतलेली उपकरणे इतरांसही वापरू द्यावीत याविषयीची मार्गदर्शक सूत्रे २०२२ साली निघाली. चाळीस वर्षे जे शिष्टाचाराने चालले होते ते आता लेखी झाले.

आमच्या विद्यापीठाची घडण मात्र या दृष्टीने आरंभापासूनच अनुकूल आहे, हे कौतुकाने नमूद केले पाहिजे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडला स्थापन झाले, आणि लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे माजी प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे त्याचे पहिले कुलगुरू झाले. विष्णुपुरीच्या परिसरात स्वतंत्र विभागांची निरनिराळी संस्थाने न मांडता संकुले उभारली गेली. जीवशास्त्राच्या शाखा एका छताखाली, रसायनाच्या दुसऱ्या. एका संकुलात दोन शीतअपकेंद्रित्रे मागण्याचे कारण उरत नाही. लातूरला उपकेंद्र झाले, आणि लातूर, नांदेड, देगलूर, उदगीर या पट्ट्यातील महाविद्यालयांना किमान पहिल्या पायरीची यंत्रे एका दिवसाच्या प्रवासात आली.

वरच्या पायरीसाठी मुंबई, हैदराबाद आहेतच. आणि शिक्षणसंस्थांकडून घेतली जाणारी फी उद्योगांच्या मानाने पुष्कळ कमी असते, तेव्हा अडसर फीचा नाही. अडसर आहे तो नमुना तेथवर जिवंत नेण्याचा. उणे ऐंशी अंशांची एक शीतपेटी आणि गोठवून सुकविण्याचे एक यंत्र विद्यापीठाने संलग्न महाविद्यालयांसाठी राखून ठेवावे, त्याची नोंदवही सर्वांना पाहता यावी, देखभालीचा मक्ता पहिल्याच वर्षी पाच वर्षांसाठी करावा, आणि रात्री वीज गेली असता जनित्र चालू करण्याची जबाबदारी नावानिशी एका माणसावर असावी, अशी सूचना या लेखाबरोबर मी संपादक-मंडळामार्फत कुलसचिवांच्या कार्यालयाकडे धाडीत आहे.